तेल लावून हॉट टबात

ज्या पहाटे मी घणसोली सोडली, त्या पहाटे घरात गीझर असूनही आईने मागच्या अंगणात चूल पेटवली होती. तिच्यावर तांब्याचा हंडा, बाहेरून काळाकुट्ट. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबलेली, कारण आमच्या गावठाणात तिला आत शिरायला जागाच नाही. भाऊ दर दोन मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. आई मात्र शांतपणे माझ्या डोक्यावर गरम पाणी ओतत होती. ओतता ओतता म्हणाली, "तिकरं तुना पानी तापवून कोन देनार?"

मला राग आला होता. नर्सिंग शिकलेली, बत्तीस वर्षांची बाई मी; स्वतःचं पाणी तापवता येणार नाही मला? पण गल्लीतही तेच चाललं होतं. नवऱ्याला सोडून आलेली, एकटी, बर्फात जाऊन काय करणार, सहा महिन्यांत परत येईल बघा. आज नऊ वर्षं झाली. तिथे राहिलेल्यांनो, ऐकताय ना? नऊ.

कॅनडात, विनिपेगला मी म्हाताऱ्यांच्या एका केअर होममध्ये काम करते. तीन वर्षांपूर्वी छोटंसं घर घेतलं. आधीच्या मालकाने मागच्या अंगणात एक हॉट टब सोडला होता. म्हणजे पाच माणसं बसतील असं गरम पाण्याचं टाकं, उघड्यावर. शेजारचे निवृत्त आजोबा कुंपणावरून म्हणाले की थंडीआधी हा रिकामा करून बंद करून टाक, तुझ्यासारख्या गरम देशातल्या माणसाला जमायचं नाही, पाइप गोठून फुटतील. झालं. तोवर मलाही तो बंदच करायचा होता, पण आता काय वाट्टेल ते झालं तरी तो चालू राहणार होता. मॅन्युअल पाठ केलं. दर ऑक्टोबरमध्ये जुनं पाणी काढायचं, फिल्टर धुवायचा, नवं पाणी भरून केमिकल तपासायचं, झाकणाचे पट्टे घट्ट आवळायचे. दोन हिवाळे एकही पाइप फुटला नाही.

गेल्या वर्षी आई आली. मला भेटायला म्हणून आली, पण खरं कारण दुसऱ्याच दिवशी कळलं. मला परत न्यायला आली होती. भावाने टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली ठेवली होती, बेलापूरच्या एका दवाखान्यात शब्दही टाकला होता. दिवाळीनंतरची दोन तिकिटं काढायची, एवढंच बाकी होतं. मी नाही म्हणत राहिले आणि ती रोज नव्याने विचारत राहिली. ह्या घराला ती घर म्हणायचीच नाही. "तुझी खोली" म्हणायची. तीन बेडरूमच्या घराला! मला फार लागायचं ते.

म्हणून मी ठरवलं, नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान टबात. बाहेर उणे बारा, अंगणभर बर्फ. आईने पहाटे मला पाटावर बसवून तेल चोळलं, मग मी तिला. दोघींनी उटणं लावलं. कारीट कुठून आणणार? ब्रसेल्स स्प्राऊट, म्हणजे लिंबाएवढा कोबी मिळाला, तोच आईने दारात टाचेखाली फोडला. टबात शिरण्याआधी साबणाने अंग धुवावं, तेल तर अजिबात नको, हे मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर आहे. मला ते माहीत होतं. तरी मी तेलउटण्यासकट शिरले आणि आईलाही हात धरून आत घेतलं. गुडघे पाण्यात जाताच तिने डोळे मिटले.

मग तासाभराने बोंबललं सगळं. पाण्यावर वीतभर तपकिरी फेस, फिल्टर तेलाने चोंदलेला, पंप बंद, हीटर बंद. रात्रीपर्यंत पाइपांत बर्फ धरला असता. मी रडकुंडीला आले. शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, म्हणाले, सांगितलं होतं मी. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की आज आमचा सण आहे, टब माझा आहे आणि तो संध्याकाळच्या आत चालू होईल. मी बोलून तर बसले!

घाण पाणी काढलं. पाइप रिकामे केले, कपाटातला नवा फिल्टर बसवला. बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी बंद केलेला, म्हणून किचनच्या नळाला होज लावून खिडकीतून बाहेर काढली. धार बारीक, पाणी गारठलेलं, भरता भरता कडेला बर्फाची पापडी धरायला लागली. तेव्हा आईने पदर खोचला. होती नव्हती ती सगळी पातेली चार शेगड्यांवर चढवली. ती तापवत होती, मी बादल्या नेऊन ओतत होते. अंगणभर वाफ. तीनेक तास हेच चाललं.

एवढ्यात भावाचा फोन आला, तिकिटांचं विचारायला. आईने फोन खांद्याने कानाशी धरला, हातातलं पातेलं काही सोडलं नाही. म्हणाली, "तिकीट माजं एकटीचंच कार. हिचं घर हिकरं हाय." आणि मला म्हणाली की बघत काय उभी राहिलीस, बादली आण.

मी बादली घेऊन बाहेर गेले आणि बर्फात उभी राहून ढसाढसा रडले. चारच्या सुमारास पंप सुरू झाला.

तर आता ऐका. गावात राहिलेल्यांनो, सहा महिन्यांची वाट बघणं सोडा. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, इथल्या पद्धतीने राहायचं म्हणून स्वतःला पुसून टाकू नका. मॅन्युअल म्हणतं, टब ऑक्टोबरमध्ये हिवाळ्यासाठी तयार करा. माझ्या घरी तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी तयार होतो, ती आंघोळ झाल्यावरच. पाणी खराब होणार, मी ते काढणार, नवा फिल्टर आधीच आणून ठेवलाय. आई यंदा पुन्हा येतेय, उटणं घेऊन. शेजारच्या आजोबांनाही बोलावलंय. तुम्हीही या. फक्त माझ्या घरी त्या दिवशी तेल लावल्याशिवाय कुणाला पाण्यात शिरता येणार नाही.