आधी काईट सोडायला शिका

मी उल्हासनगरच्या एका शाळेत पीटी शिकवायचो. बाकीच्या शिक्षकांना वाटायचं, शिट्टी वाजवली की झाली पीटी. पण निवृत्त होईपर्यंत मला एक गोष्ट नक्की कळायला लागली होती. शिकवणाऱ्याचं लक्ष शिकणाऱ्याकडे आहे की भलतीकडेच, हे मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखता येतं.

म्हणूनच माझ्या मुलीनं मला सोनिवलीला बोलावलं. ती काईटसर्फिंग शिकवते. भल्यामोठ्या पतंगासारखा काईट वाऱ्यावर चढवायचा, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, त्यांचा दांडा हातात धरायचा आणि पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून सुसाट जायचं. दक्षिणेत समुद्राकाठी राहून ती हे शिकली, शिकवण्याची परीक्षाही पास झाली. आईच्या आजारपणात अंबरनाथला परत आली. आई गेली, तरी ती इथंच राहिली. माझ्यासाठी राहिले, असं मात्र कधी म्हणाली नाही.

आमच्याकडे समुद्र कुठला! पण सुरुवातीचे धडे जमिनीवरच असतात. सोनिवलीला नव्या बिल्डिंगांच्या मागे एक मोकळी जागा होती. तयारी तिथं करून घ्यायची आणि मग पाण्यासाठी लोकांना कोकणात न्यायचं, असा तिचा बेत.

"बाबा, तुम्ही फक्त बघा. आणि नंतर खरं काय ते सांगा," ती म्हणाली.

त्या दिवशी शिकायला उल्हासनगरचे एक जीन्सचे व्यापारी आले होते. पन्नाशीचे, हौशी सिंधी गृहस्थ. तिनं त्यांना आधी डोळे मिटून उभं केलं आणि वारा कुठून येतोय ते बोट करून दाखवायला लावलं. मग लहान काईट दिला. कमरेच्या पट्ट्यापाशी एक लाल हँडल असतं. ते पुढे ढकललं की काईटचा सगळा जोर जातो आणि तो खाली पडतो; यालाच काईट सोडणं म्हणतात. ती बोलता बोलता मध्येच ओरडायची, "छोड़ो!" ते इकडेतिकडे बघत असले की पुन्हा, "छोड़ो!"

"मॅडम, पानी में कब जाएंगे?" ते वैतागून म्हणाले.

"जब हाथ अपने आप छोड़ेगा, तब."

थोड्या वेळानं बिल्डिंगच्या कोपऱ्यावरून वाऱ्याचा एक झोत असा आला की ते गुडघ्यांवरच आदळले. मी उठून त्यांच्याकडे धावणार, तोच काईट मऊपणे जमिनीवर उतरला. त्यांच्या हातानं केव्हाच हँडल ढकललं होतं. ते आपल्याच हाताकडे बघत राहिले.

चहा पिताना मी तिला म्हणालो, "मी आयुष्यात इतका चांगला तास घेतला नाही."

"ते परत येणार नाहीत, बाबा," ती म्हणाली.

नाहीच आले. आणखी काही जण आले. काईटबरोबर फोटो काढून झाला की त्यांना घाई असायची. मग बिल्डरनं त्या जागेला पत्रे ठोकले. आम्ही वांगणीला जागा बघून आलो, पण तिथं डोंगरामुळे वारा नुसता घुटमळायचा. घरी काईट बाल्कनीत पडून राहिले.

पावसाळा संपता संपता कोकणातल्या एका काईट स्कूलच्या मालकाचा फोन आला. बोलायला फार सभ्य माणूस. तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"मॅडम, लोक शनिवारी येतात, रविवारी जातात. पहिल्याच दिवशी फळीवर उभे राहिले पाहिजेत."

"आणि सोडायला कधी शिकवायचं?"

"तुम्ही मागून धरून असालच की!"

ती तिथं शिकवायला गेली. थंडीत मी तिला भेटायला गेलो आणि सुरूच्या झाडाखाली बसून तिचा तास पाहिला. लाल हँडल तिनं एकदाच बोटानं दाखवलं, विमानात दरवाजे दाखवतात तसं. मग पाण्यात शिरून एका तरुणाचा पट्टा मागून घट्ट धरला. काईट खरं तर तीच उडवत होती. तो क्षणभर फळीवर उभा राहिला, किनाऱ्यावर मित्रांनी आरडाओरडा केला, फोटो निघाले. माझी मुलगी पुढचा कोण आहे ते बघत होती.

तेवढ्यात वारा वाढला आणि तिची पकड सुटली. तो फरफटत वाळूपर्यंत गेला. ती मागून ओरडत होती, "छोड़ो, छोड़ो!" त्यानं दोन्ही हातांनी दांडा आणखी आवळून धरला. शेवटी काईट झाडांत अडकला म्हणून तो थांबला. गाल आणि खांदा सोलवटला होता. तो उठला आणि हसत म्हणाला, "जबरदस्त!" मित्रांनी त्याचाही व्हिडिओ काढला होता.

संध्याकाळी मी म्हणालो, "त्याच्या हाताला काही माहीतच नव्हतं."

"हो."

"मग?"

"बाबा, आधी मी माझ्या पद्धतीनं शिकवून पाहिलं. लोक कंटाळून शेजारच्या स्कूलमध्ये गेले. तिथं मागून धरायलाही कुणी नसतं. मी निदान धरते."

मी म्हणालो, "घरी चल."

"घरी येऊन काय करू?"

आम्ही अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. ती मनगटावर उठलेला दोरीचा चट्टा चोळत होती.

यंदा मालकानं तिला तिथली मुख्य ट्रेनर केलं आहे. नवे ट्रेनर तिच्या हाताखाली तयार होतात, असं तिनं फोनवर सांगितलं. मी "छान" म्हणालो. शिकवण्यात ती पहिल्यापासून हुशार. मागून कसं धरायचं, ते तिनं त्यांना अगदी नीट शिकवलं असणार.