आपला पाल्य आज गैरहजर आहे

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. मास्तर स्वतः शाळेत फार टिकले नव्हते; पण शिंप्यालाही मास्तर म्हणतात, त्यामुळे प्राध्यापकसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारत आणि पँटची उंची कमी करून घेत. पदवीदानाचे झगे तेच शिवत. माप न घेता शिवता येणारा हा जगातला एकमेव कपडा, असं त्यांचं मत होतं. आत कोण आहे यानं काही फरक पडत नाही.

त्यांचा मुलगा याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. आणि मग एक दिवस नव्हता. फिरत्या नाटक मंडळीबरोबर दिवे लावायला जातो म्हणाला. मास्तरांनी हातातली कात्री खाली न ठेवता सांगितलं, "जा. पण माझी संमती आहे असं कुणाला सांगू नकोस." बापाचं एवढं एकच वाक्य पोरानं शब्दशः पाळलं. त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही आणि फोनही बंद करून ठेवला.

त्याच सुमारास विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर आणल्या. तोवर हजेरी तोंडी होई, आणि बरेचजण मित्राच्या घशातून हजर राहून पदवीधर झालेले होते. आता वर्गाच्या दारात कार्ड टेकवायचं. टेकवलं नाही की पालकांच्या फोनवर निरोप. पोरं या यंत्रणेला 'सासू' म्हणू लागली. पालक आधी पोरांवर चिडले, मग यंत्रणेवर, आणि शेवटी निरोप न वाचताच पुसायला शिकले.

मास्तर मात्र वाचत. पहिला तास संपला की यायचा: 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.' ते मशीन थांबवत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत, सगळा निरोप वाचत आणि पुन्हा पाय मारू लागत. सुट्टीच्या दिवशी निरोप नसे. त्या दिवशी गिऱ्हाइकांची काही खैर नसे.

"रोज तेच तर असतं," बायको म्हणे. "पाठ झालं असेल एव्हाना."

"तारीख वेगळी असते."

तिनं यावर कधी वाद वाढवला नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याजवळ मात्र ते एकदा बोलून गेले, की गैरहजर राहायला आधी पटावर असावं लागतं. जो कुठंच नाही, त्याला गैरहजर कोण म्हणणार? झेरॉक्सवाल्यानं यावर विचार केला आणि पाठपोट काढायच्या का एवढंच विचारलं.

मग एक दिवस नोंदणी विभागातून फोन आला. ज्यांचं कार्ड सत्रभर एकदाही टेकलं नाही, त्यांची नावं यंत्रणा आपोआप काढून टाकणार होती. तत्पूर्वी पालकांना कळवायचं असा नियम. मास्तर दुकानाचं शटर अर्धवट ओढून, गळ्यातला टेपही न काढता निघाले.

विभागातली जुनी कपाटं गेली होती. भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन तेवढे उरले होते. नोंदणीच्या बाईंनी मास्तरांना खुर्ची दिली. मास्तरांनी जी विनंती केली ती बाईंच्या सगळ्या नोकरीत कुणी केली नव्हती: नाव राहू द्या, आणि रोजचा निरोपही चालू ठेवा. बाई म्हणाल्या, दोन्ही मिळायचं नाही. शिक्षणात खंड घेतल्याची नोंद केली तर नाव राहील, मुलगा परत आला तर दुसऱ्या वर्षातच बसेल. पण खंडावर असलेला विद्यार्थी गैरहजर धरत नाहीत. निरोप बंद होणार.

मास्तर टेप बोटाला गुंडाळू लागले.

"मग सकाळी मला कळणार कसं?"

"काय कळायचं, मास्तर?"

मास्तरांनी बोटावरचा टेप सोडवला. शेवटी त्यांनी काय करावं लागेल ते विचारलं. फार काही नाही, बाई म्हणाल्या. पालकांची संमती लागते. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो वाचून दाखवा.

"संमती कशाला?"

"त्याला जाऊ द्यायला."

"आणि हे त्याला कळतं?"

"त्याच्याही फोनवर निरोप जातो. 'आपल्या पालकांनी संमती दिली आहे' असा. नंबर आहे ना त्याचा नोंदीत."

मास्तरांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा खाली घेतला, बघितलं आणि तसेच राहिले. बाईंना वाटलं, अक्षर बारीक असेल. त्या म्हणाल्या, "आणा इकडं, मी वाचते."

"नको ताई. मीच सांगतो."

आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, कापायच्या आधी कापडावर खडूनं खूण करावी तसा.

पडद्यावर मुलाच्या नंबरापुढं 'पाठवला' असं उमटलं. 'पोचला' यायचं बाकी होतं. फोन बंद असला तर उघडेल तेव्हा पोचेल, बाईंनी समजावलं. आज, उद्या, सांगता येत नाही. तुम्ही जा, पोचला की कळवते. मास्तरांनी मान हलवली, पण उठले नाहीत. मग बाईंनी पडदा थोडा त्यांच्या बाजूला वळवला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.