कोपरा फाडलेला कागद

नंदकिशोर उपळेकर नवं शहर आखणाऱ्या कचेरीत ट्रेसर होते. साहेबांच्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईनं रेघ न् रेघ गिरवायची, हे त्यांचं काम. १९८३च्या जुलै महिन्यात आमच्या वाशीच्या शाळेत मुलांसाठी दर रविवारी लेखनाचं शिबिर सुरू केलं, तेव्हा ते आपणहून आले. म्हणाले, "मला लिहिता येत नाही, बाई. पण पेन्सिलींना टोकं करून देईन."

दोन रविवार त्यांनी तेवढंच केलं. मुलं 'माझे घर मला फार आवडते' याच्या पुढे सरकेनात. तिसऱ्या रविवारी ते हळूच म्हणाले, "आधी घराचा नकाशा काढायला सांगू का? जिथं जे घडलं, ते तिथंच लिहायचं."

माना खाली गेल्या. नव्या शहराच्या सेक्टरमधल्या एका मुलानं विचारलं, "काका, आमच्या दोनच खोल्या. आता काय लिहू?"

"कोण कुठे रुसून बसतं, ते लिही."

सानपाडा गावातली गोजरा आठवीत होती, वर्गात तोंड उघडत नसे. तिनं कागद भरून टाकला.

शेवटच्या दिवशी हे कागद भिंतीवर लावायचे होते. उपळेकरांनी सगळ्यांचे नकाशे घरी नेऊन शाईनं गिरवले आणि कचेरीच्या सवयीनं उजव्या कोपऱ्यात खाली चौकट आखली. त्यात नाव, गाव, घर क्रमांक, तारीख आणि स्वतःची सही. आठवड्यात मधल्या एका वारी शाळेत येऊन त्यांनी ते मुलांना घरी दाखवायला दिले.

रविवारी गोजराचे वडील कमळाकर तो कागद घेऊन वर्गात आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चौकट ओळखता येत होती.

"ही सही कोनाची?"

"माझी," उपळेकर म्हणाले.

"कचेरीत हाय ना तुमी? शहरासाठी शेतं गेली तवा अशीच चौकट होती कागदावं. आता पोरीच्या हातून घर मोजून घेताय?"

गोजरानं मागची खोलीही काढली होती. कमळाकरांच्या धाकट्या भावासाठी गावठाणाच्या हद्दीबाहेर, परवानगी न घेता बांधलेली. तसली बांधकामं पाडतील अशी गावात धास्ती होती. उपळेकरांच्या ते आता ध्यानात आलं.

"चूक माझी आहे. हा कागद कचेरीत गेलेला नाही, जाणारही नाही. हवा तर फाडा."

"फाडनारच. आन् पोरगी आता हितं येनार नाय."

"फाडा बाबा," गोजरा म्हणाली, "पन आयकून फाडा."

ती वाचू लागली. ओटीवर आजी सुकट निवडते; येणारा प्रत्येकजण आधी तिच्या मांजरीला अडखळतो. मागची खोली बाबांनी स्वतः विटा उचलून बांधली. मिठागर बंद झालं तेव्हा त्यांची मीठ ओढायची लाकडी फळी त्यांनी त्या भिंतीत चिणली. ती कुठं आहे, ते फक्त मला माहीत आहे.

"तुला कोनी सांगितलं?"

"तुमीच. मला खांद्याव बसवून दावलेलं."

कमळाकर बाकावर बसले. त्यांनी नकाशावर बोट टेकवलं.

"चूल हिकडं नाय. तिकडं, खिडकीखाली."

उपळेकरांचा हात पेन्सिलीकडे गेला. मग त्यांनी ती गोजराला दिली. तिनं चूल हलवली. कमळाकरांनी चौकटीचा कोपरा दुमडला, घडीवरून दोनदा नख फिरवलं, तेवढाच फाडून सदऱ्याच्या खिशात घातला आणि कागद तिला परत दिला.

"आता लाव भित्तीवं."

शेवटच्या रविवारी मी शाळेत पोचले, तर उपळेकर आधीच येऊन कागद लावत होते. एकतीसच्या एकतीस कागदांचा खालचा उजवा कोपरा फाडलेला होता. दोन खोल्यांवाला मुलगा तक्रार करत होता, "काका, माझा का फाडलात?"

"सगळ्यांचा सारखाच आहे," उपळेकर टाचणी टोचत म्हणाले. "नाव वर लिही. तुझ्या अक्षरात."