कोपऱ्यातला 'जिना'

"काकू, जिना चढून आलोय ना, म्हणून धडधडतंय," नीलेश म्हणाला.

त्याची पल्स एकशे अठरा होती. ईशा, रोहन, ही गोष्ट तुम्हाला सांगतेय, पण आमचं फणसवाडीतलं क्लिनिक तुम्ही पाहिलेलं नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना शिडीसारखा उभा. मी तिथे ईसीजी काढते, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख कागदावर घेते. वर आलेल्या बहुतेकांची पल्स वाढलेलीच असते. म्हणून आलेखाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'जिना' लिहायची पद्धत मीच पाडली होती.

नीलेशचा व्हायरल ताप आठवड्यापूर्वी उतरला होता. रविवारी ऑफिसची कबड्डी मॅच, त्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. मी 'जिना' लिहिलं. डॉक्टरांनी सही केली. तो गेला.

दुपारी रजिस्टर भरताना हात थांबला. नीलेश आला दहा दहाला. ईसीजी दहा पन्नासला. चाळीस मिनिटं तो बाकावर नुसता बसून होता! चढल्याची धडधड एवढा वेळ टिकत नाही.

नीलेशला फोन केला. कट. पुन्हा केला. कट. मी उठले, बसले, परत उठले. शेवटी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"बाई, तापानंतर अशक्तपणा असतोच."

"असेल. पण मी जिना लिहिलं ते चूक आहे."

त्यांनी आलेख पुन्हा पाहिला. या वेळी बराच वेळ. "खेळू नको, आजच इको करून घे म्हणावं त्याला."

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिसऱ्यांदा फोन लागला.

"काकू, कॅप्टन आहे मी! आज प्रॅक्टिसला नाही गेलो तर पोरं शिव्या घालतील."

"त्यांना माझा नंबर दे. मी ऐकेन. दम लागतो का?"

"उताणं झोपलं की जरा गुदमरतं. घरी बोललो नाही."

"मैदानावर जायचं नाही. टॅक्सी कर आणि थेट परळला हॉस्पिटलमध्ये जा. मी आलेख घेऊन निघते."

तो येईपर्यंत मी हॉस्पिटलच्या गेटवर येरझाऱ्या घालत होते. इकोत कळलं, हृदयाच्या स्नायूला सूज होती, पंपिंग कमी पडत होतं. याला मायोकार्डायटिस म्हणतात. व्हायरल तापानंतर क्वचित होतो. अशा हृदयाने धावपळ केली तर ठोके बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो. त्याला लगेच अॅडमिट केलं. पुढे सहा महिने खेळ बंद.

गेल्या आठवड्यात तो तपासणीला आला. सावकाश चढला.

"लिहा काकू, जिना."

मी त्याला बाकावर बसवलं आणि घड्याळ पाहिलं. हल्ली मी कोपऱ्यात कारण लिहीत नाही. किती मिनिटं बसवलं, तेवढंच लिहिते.

त्याची पल्स शहात्तर आली.