आठवी ब ची मतमोजणी

जयनगरात नरसिंहराव मास्तरांबरोबर भाजी आणायला जायची सोय नाही. दर दहा पावलांवर कुणीतरी गाडी थांबवतं आणि भर रस्त्यात पाया पडतं. एकदा तर एका ट्रॅफिक पोलिसानं चौक सोडून त्यांना नमस्कार केला आणि मागं हॉर्नचा एकच कल्लोळ उठला. मास्तरांनी त्याला तिथंच झापला, "ड्यूटीवर आहेस ना? मग मी कोण लागून गेलो?" पोलीस हसत हसत परत गेला. तोही त्यांचाच विद्यार्थी, दोनदा नापास केलेला.

मास्तरांचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग बंगळूरला आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. तेहतीस वर्षं त्यांनी आपल्या लोकांनी काढलेल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय वीस मार्कांचा, इतिहास-भूगोलाच्या शेपटाला बांधलेला. पोरं तो परीक्षेच्या सकाळी इडली खाता खाता वाचायची. पण मास्तर मात्र असे शिकवायचे, की समोरच्या चाळीस पोरांनाच उद्यापासून विधानसौधातलं राज्य चालवायला घ्यायचंय.

त्या वेळचं जयनगरही तसंच होतं. रुंद रस्ते, त्यावर झाडांचं छप्पर, आणि दुपारी इतकी शांतता की वर्गातलं बोलणं फाटकाबाहेर ऐकू यायचं. बेळ्ळंदूरचं नाव कुणी घेतलं तर तळ्याकाठची भाजी आठवायची, काचेच्या इमारती नव्हे. तेव्हा दर जूनमध्ये आठवीच्या वर्गात लीडरची निवडणूक व्हायची, आणि तिची वाट पोरं उन्हाळ्याच्या सुटीपासून बघायची. लाकडी स्टँडवरच्या फळ्यामागं दोन मडकी ठेवलेली असत. प्रत्येक मडक्यावर एक नाव. प्रत्येकाला एक चिंचोका मिळायचा. पोरानं फळ्यामागं जायचं, हव्या त्या मडक्यात चिंचोका टाकायचा आणि मुकाट बाहेर यायचं.

निवडणुकीआधी मास्तरांचा प्रश्न ठरलेला असे. "लीडर म्हणतो गप्प बसा. तुम्ही गप्प बसता. हा हक्क त्याला कुणी दिला?"

"तुम्ही, सर."

"चूक. मी दिला तर ती नुसती नोकरी झाली. तुम्ही दिलात म्हणून तो हक्क. आणि तुम्ही दिलात म्हणूनच तुम्हाला तो काढून घेता येतो."

मतं मोजायची रीत मात्र जरा निराळी होती. मास्तर एकटेच फळ्यामागं जाऊन मोजायचे आणि बाहेर येऊन आकडे लिहायचे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मास्तरच मोजतायत, मग बघायचं काय?

पुढं ही रीत त्यांनी बदलली. सत्त्याऐंशी सालापासून मडकी टेबलावर पालथी होऊ लागली. दोन पोरं मोठ्यानं मोजायची आणि सगळा वर्ग डोळे फाडून बघायचा. त्याचं नाव झालं. दुसऱ्या शाळांचे मास्तर बघायला आले. पण ही रीत का बदलली, ते मास्तरांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

परवा निवेदिताचा फोन आला. शहाऐंशीच्या आठवी ब ची ही लीडर. आता बेळ्ळंदूरला बाराशे फ्लॅटांच्या सोसायटीची अध्यक्ष आहे, आणि तिथं म्हणे तिचा शब्द खाली पडत नाही.

"सर, रविवारी आपला वर्ग भेटतोय. तुमचा सत्कार करायचाय. दहा मिनिटं बोला. सत्ता लोकांचीच का, हाच विषय घ्या."

"अगं, माझा घसा आता..."

"चालणार नाही सर. ऐका, मी इतकी घुमी मुलगी होते. त्या दिवशी सव्वीस जणांनी माझ्यावर विश्वास टाकला. पुढं आयुष्यात कुठंही उभं राहायची वेळ आली की मला ते सव्वीस चिंचोके आठवतात."

मास्तरांनी 'बरं' म्हणून घाईनं फोन ठेवला. कारण ते सव्वीस चिंचोके निवेदिताच्या मडक्यात नव्हतेच. ते उमाजीच्या मडक्यात होते.

उमाजी म्हणजे त्या वर्गाचा लाडका उपद्व्यापी. बापाचं शिवणकाम, घरात सात माणसं, आणि ह्याच्या अंगात वारं भरलेलं. त्या वर्षी फळ्यामागं मास्तरांनी मोजलं: उमाजी सव्वीस, निवेदिता पंधरा. त्यांच्या डोळ्यांपुढं वर्षभराचा धिंगाणा उभा राहिला. पोरांना कळत नाही, आपल्याला कळतं, वर्गाचं भलं कशात आहे ते. बाहेर येऊन त्यांनी आकडे तेच लिहिले, फक्त नावं उलटी. जगातला प्रत्येक हुकूमशहा 'तुमच्या भल्यासाठी' एवढंच म्हणत आला, हे त्यांनी त्याच वर्गाला त्याच महिन्यात शिकवलं होतं. निवेदिता उत्तम लीडर झाली, हीच तर खरी पंचाईत. वाईट झाली असती तर मास्तरांना निदान पश्चात्ताप तरी सोपा गेला असता.

दोन दिवस कोरा कागद समोर घेऊन ते बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, वसुमतीबाईंना, सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"एकोणचाळीस वर्षं पोटात ठेवलंत, आणि मी म्हणत होते ह्यांना गॅसेसचा त्रास आहे."

"थट्टा करू नकोस गं."

"थट्टा नाही. ज्याचं घेतलंत त्याला सांगा. भाषण नंतर लिहा."

उमाजीचं दुकान बनशंकरीत. मोटारींच्या सीटना कव्हरं शिवतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात त्याला दोनदा घेतला आणि दोनदा तो न बोलता बाहेर पडला, एवढं मास्तरांना ठाऊक होतं. ते रिक्षातून उतरले तेव्हा तो मशीनवर वाकला होता. केस पांढरे, पण डोळे तेच. त्यानं घाईनं स्टूल पुसलं, कॉफी मागवली. मास्तरांनी कॉफीला हात लावला नाही. एका दमात सगळं सांगितलं.

उमाजी बराच वेळ मशीनचं चाक नुसतं हातानं फिरवत राहिला.

"सव्वीस, सर?"

"सव्वीस."

"लीडर होऊन मी काय करणार होतो? गप्पा मारणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. रोज पहिलं नाव माझंच लिहावं लागलं असतं." तो हसला, आणि ते हसू मध्येच विझलं. "त्याचं काही नाही सर. पण मी त्या संध्याकाळी बसून हिशेब केला होता. पंचवीस जण मला म्हणाले होते, तुलाच टाकला. मडक्यात निघाले पंधरा, त्यातला एक माझाच. म्हणजे अकरा जण तोंडावर खोटं बोलले. कुठले अकरा, ते कळेना. मग मी सगळ्यांचंच तोंड बघेनासा झालो."

उमाजीनं चाक परत फिरवायला घेतलं.

"गुंडू आठवतो?"

गुंडू कसा नाही आठवणार? हे दोघं एका डब्यात जेवायचे. एकाला शिक्षा झाली की दुसरा आपण होऊन बाकावर उभा राहायचा.

"तो घरी आला. आईची शपथ घेऊन म्हणाला, मी तुलाच टाकला. मी म्हटलं, जा, आला मोठा. पुढच्या महिन्यात त्याच्या आईला कावीळ झाली. पार मरणाच्या दारात होती. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, खोटी शपथ घेतलीस, आता भोग." उमाजीनं चाक थांबवलं. "त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. इथं तीन गल्ल्या सोडून राहायचा. करोनात गेला. मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो."

एवढी वर्षं मास्तर समजत होते की आपण उमाजीचं लीडरपण काढून घेतलं. त्या बिचाऱ्याला लीडरपणाची पर्वाच नव्हती. आपण ह्याचे दोस्त नेले, आणि तेही स्वतःच्या लेखी सज्जन राहून. हे ध्यानात आलं तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाला भर दुकानात रडू फुटलं. उमाजीनं शटर अर्धं ओढलं, त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "सर, म्हातारी अजून आहे. स्वल्प चालवेल ना तुम्हाला? चला."

गुंडूची आई, सकवारबाई, दारात बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होती. उमाजीला बघून तिचे हात थांबले.

"वाट चुकलास काय रे?"

"होय अक्का."

मास्तरांनी बसायच्या आधीच सांगितलं. म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"म्हणजे माझ्या पोराची शपथ खरी होती."

"खरी होती."

"ते मला ठाऊकच होतं. मी बरी झाले की." तिनं पदरावरची सालं झटकली. मग म्हणाली, "पण दुसरं एक आज कळलं. गुंडूनं जन्मात कधी मत टाकलं नाही. निवडणूक आली की मी जायची, सून जायची, हा खुर्चीत पेपर वाचत बसायचा. मी शिव्या घालायची, आळशी मेला म्हणायची. तर म्हणायचा, आई, तू जा, माझं मत पोचत नाही. मला वाटायचं, याचं नाव यादीत नसेल."

मास्तरांना आता उलगडा झाला. तेरा वर्षांच्या त्या पोरानं बरोबर ओळखलं होतं. स्वतः मत टाकलं, दोस्तांनी टाकलं, आणि ते मधेच कुठंतरी गेलं. मास्तरांवर बोट ठेवायला तोंड उघडलं नाही त्यानं. नुसता विश्वास उडाला, तो कायमचा. गावभर पोरांना मत द्यायला शिकवलं, आणि ज्याला खरंच समजलं होतं त्यालाच आपण घरी बसवलं.

परत निघताना उमाजी म्हणाला, "रविवारी काही बोलू नका सर. निवेदिताचा त्यात काय दोष? तिला कशाला?"

"का म्हणून?" सकवारबाईनं विचारलं. "माझ्या पोराला खोटा म्हटलं ते सगळ्यांदेखत. मग त्याचं मत पोचलं होतं, हेही सगळ्यांदेखतच सांगा. मी येते."

रविवारी जयनगरच्या हॉलमध्ये चोवीस जण आले होते. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, आणि बाकावर बसल्याबरोबर एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागलेले. उमाजी शेवटच्या रांगेत, शेजारी सकवारबाई. त्याला बघून पुढच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या, हात वर करायला गेले आणि तसेच थांबले. निवेदितानं प्रास्ताविक केलं. सव्वीस चिंचोक्यांची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. मग ती म्हैसूर पेटा मास्तरांच्या डोक्यावर ठेवायला पुढं आली. मास्तरांनी तिचा हात अडवला.

"आधी ऐकून घे. मग ठेवायचा की नाही ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा."

त्यांनी कागद आणला नव्हता. गुंडूच्या नावापासून सुरुवात केली, आणि फळ्यामागं काय केलं ते एकही सबब न सांगता सांगितलं. निवेदिता पेटा हातात धरून तशीच उभी होती.

"माझी किती होती, सर?" तिनं हळूच विचारलं.

"पंधरा."

तिचा चेहरा उतरला. बाराशे फ्लॅटांची अध्यक्ष क्षणभर आठवीतली घुमी मुलगी दिसायला लागली. मास्तरांना वाटलं, आता ही निघून जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे. पण तिनं पेटा टेबलावर ठेवला आणि माइक घेतला.

"मग आज इथंच मोजू या," ती म्हणाली. "त्या दिवशी उमाजीला कुणी टाकला होता? हात वर करा. सर, तुम्ही मोजा."

आधी एक हात वर गेला. मग तीन. मग चुळबुळत, डोळे पुसत एकेक जण हात वर करत गेला. उमाजी उठून उभा राहिला होता आणि एकेका हाताखालचा चेहरा बघत होता. ज्यांचं तोंड त्यानं एकोणचाळीस वर्षं बघितलं नव्हतं, ते सगळे मागं वळून त्याच्याकडंच बघत होते. मास्तर मोठ्यानं मोजत होते. सोळावर आकडा थांबला.

"कशासाठी हात वर केलेत रे?" सकवारबाईनं उमाजीला विचारलं. त्यानं खाली वाकून तिच्या कानात सांगितलं. म्हातारीनं बांगड्या मागं सारल्या आणि आपला हात वर केला.

गेलेल्याचं मत धरता येत नाही, हा नियम मास्तरांनीच या सगळ्यांना शिकवला होता. त्यांनी त्या हाताकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सतरा."