मेंढरं किती, विचारू नये

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी शहरातल्या गारखेडा भागात एका बँकेच्या शाखेत कार्डांच्या टेबलावर बसायचे. कार्ड हरवलं, कार्ड अडकलं, पैसे कुणीतरी काढले, ही सगळी रडगाणी माझ्याकडे यायची. लोकांना त्यांच्या पैशांची काळजी असायची आणि मला, खरं सांगते, चोराचं कुतूहल. यानं हे केलं कसं? एकदा प्रशिक्षणात आम्हाला एटीएमच्या खाचेवर बसवायचं खोटं तोंड दाखवलं. कार्ड त्यातून सरकलं की त्याची नक्कल उतरायची. मी ते इतका वेळ उलटंसुलटं करून पाहिलं की शिकवणारे साहेब म्हणाले, "मॅडम, आता परत द्या." तेव्हापासून कुठल्याही एटीएममध्ये गेले की आधी ती खाच धरून ओढून बघायची मला खोड लागली. मागून रांगेतला कुणीतरी म्हणायचाच, "क्या मॅडम, मशीन उखाडते क्या?"

नवनव्या युक्त्या येत होत्या. चिप आली, मेसेजवर ओटीपी यायला लागला, पुढं तर मोबाइलवरूनच कार्डाला कुलूप घालायची सोय झाली. ती आली तेव्हा मी दिवसभर नवऱ्याचं कार्ड बंद-चालू करत बसले होते. तो पेट्रोल पंपावर अडकला आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

माझी आत्या सोयगावकडची. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. माझ्या वडिलांनी ते सोडून शहरात नोकरी धरली, आत्याच्या सासरी मात्र ते चालूच राहिलं. नवरा गेल्यावर ती एकटीनं कळप सांभाळायची. मग पावसानं लागोपाठ दगा दिला, विहिरी आटल्या, चारा संपला, आणि तिनं सगळा कळप बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला विकला. पैसे कमरेला बांधून ती आमच्याकडं आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं मला सांगितलं, "ह्या पैशाला हात लावायचा नाय माय. पाऊस झाला की पुन्हा मेंढरं घ्यायची हायेत."

गारखेड्यात तेव्हा जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, जायकवाडी धरणानं तळ गाठला होता, पण बांधकामांवर टँकर येत होते. आत्याला तिथंच काम मिळालं, नव्या भिंतींवर पाणी मारायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती परत आली. जेवताना म्हणाली, "भिंतीला टँकर हाय बघ. माझ्या मेंढरांना बादली नव्हती."

मी तिचं खातं उघडून दिलं, कार्ड दिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे पक्के येत होते. पिन टाकायची वेळ आली तेव्हा मी तिच्याकडं पाठ केली आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. "हा आकडा कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही. बँकेचा माणूस आहे म्हणाला तरी नाही."

"तुला बी नाय?"

"मला सुद्धा नाही."

ती हसली. का हसली ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या मागं रांग वाढली होती.

दोन-तीन महिन्यांनी भर दुपारी ती बँकेत आली. पायांना सिमेंट, डोक्यावर ओलं फडकं. माझ्या टेबलावर तिनं कार्ड आपटलं. "तुझं हे मेलं बघ. मशीन पैसे देईना."

मी स्क्रीनवर तिचं खातं उघडलं. आदल्या दिवशी कुणीतरी तिच्या कार्डावरून ऑनलाइन पैसे काढायचा प्रयत्न केला होता. एकदा नाही, अनेकदा. दर वेळी ओटीपी चुकीचा पडला होता आणि शेवटी यंत्रणेनं कार्ड बंद करून टाकलं होतं. मी खालची रक्कम तीनदा वाचली. सगळी जागच्या जागी होती. मग मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"आत्या, काल तुला कुणाचा फोन आला होता?"

"आला व्हता की. दुष्काळाचं अनुदान अडकलंय म्हणला. कार्डावरचे आकडे वाचा म्हणला, वाचले."

"वाचले?" मी ओरडलेच. शेजारच्या टेबलावरचे साहेब वळून बघायला लागले.

"मंग? ते तर वरच छापलंय. उघडंच हाय."

"आणि मेसेज आला तो आकडा?"

"तो कशाला सांगू? तो मला एकलीला आला व्हता." ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू बँकेत नोकरी लागली तरी पोरीला अक्कल आली नाही. "त्यानं लई गळ घातली, मंग सांगितला आपला कायतरी. जरा कमी करून."

"कमी करून?"

"मेंढरं किती म्हणून कुणी वाटंवर इचारलं, तर खरं सांगतो का आपण?"

तेव्हा मला एकदम आठवलं. लहानपणी सुट्टीत मी तिच्या कळपाबरोबर रानात जायचे. रस्त्यानं जाणारा कुणीतरी विचारायचा, किती हायेत ओ मेंढरं? आत्या नेहमी कमीच सांगायची. खरा आकडा तोंडावर आणला की कळपाला नजर लागते, असं आमच्यात मानतात. मी एकदा मोठ्यानं मोजायला लागले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. त्या भामट्यानं ओटीपी विचारला तेव्हा तिनं त्याला वाटेवरच्या माणसाला देतात तेच उत्तर दिलं होतं. तो बँकेकडून नवा मेसेज मागवायचा, ही नवा खोटा आकडा सांगायची.

मी तिला पुन्हा समजावलं की असा खेळ करायचा नाही. वरचे आकडेही सांगायचे नाहीत आणि फोन सरळ कापायचा. वरचे आकडे तिनं कबूल केले. फोनचं तिला पटेना. "कापला तर दुसरीला करील त्यो. माझ्यापाशी त्याचा अर्धा तास गेला, त्या टायमाला कुणीतरी वाचलीच असल." मी जुनं कार्ड कापून टाकलं आणि तिला नवीन दिलं. पिन टाकताना या वेळी तीच म्हणाली, "तिकडं तोंड कर."

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. पैठण रस्त्याकडच्या एका वस्तीवर आमच्या शाखेनं सुरक्षिततेची सभा ठेवली होती. दुष्काळानं गाव सोडून आलेली आमच्यासारखीच मेंढपाळ कुटुंबं तिथं राहत होती. मी तक्ता टांगला. त्यावर मोठं कुलूप काढलेलं होतं. बायका पदराआड जांभया देत होत्या, पुरुष तंबाखू मळत होते. मी तक्ता गुंडाळला आणि पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, कळपात किती मेंढरं होती?"

"असतील थोडीबहुत," तो म्हणाला.

शेजारणीला विचारलं. तिनं हसून पदर तोंडाला लावला. तिसऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "मोजली नाय कधी." सगळी सभा हसायला लागली. त्यांना कळलं होतं मी कशावर आले ते. मी म्हणाले, "बास. मेसेजचा आकडा, पिनचा आकडा, असाच सांभाळायचा. पोरगा विचारू दे नाहीतर साहेब." मग मात्र प्रश्नांवर प्रश्न आले आणि अंधार पडायच्या आत काही आम्हाला तिथून निघता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आमचे साहेब विचारत होते, तक्त्यावर मेंढी काढायची का?

पुढं एक वर्ष पावसानं मनावर घेतलं. आत्यानं बांधकामावरचं काम सोडलं, खात्यातले पैसे काढले आणि सोयगावला निघून गेली. दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेले. उन्हानं रापली होती, पण चालण्यात जुना झपाटा आला होता. तिला तसं बघून मला फार बरं वाटलं. चहा पिताना मी सहज विचारलं, "किती घेतलीस गं मेंढरं?"

"असतील धा-बारा," ती म्हणाली.

संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरायला लागला. मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात मोजत होते. दहा-बारा कधीच मागं पडली आणि मेंढरं येतच होती. मला जरा लागलं. मी काय वाटेवरची माणूस होते? एवढ्यात आत्याचा आवाज आला, "ओठ हलवू नको."

मी ओठ मिटले. मग मला ती बँकेतली दुपार आठवली, तुला बी नाय, मला सुद्धा नाही. शिकवलं मीच होतं. तिला ते आधीपासून येत होतं, एवढंच.

घरी आले तर नवरा दारातच विचारायला लागला, आत्या कशी आहे, पाऊस कसा झाला तिकडं, मेंढरं किती घेतली तिनं?

चपला काढता काढता मी म्हणाले, "असतील दहा-बारा."