न टोचलेलं वांगं

जळगावात रस्त्याकडेला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी भडगावला मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे, सुट्टीला गेलो होतो. माझ्या संशोधनासाठी लॅपटॉपवरच्या मॉडेलात एका महाकाय ताऱ्याचा स्फोट घडवत होतो. पण माझा चेंडूसारखा गोल, सगळीकडून सारखा धरलेला तारा काही केल्या फुटेना. अंगणात अक्का भरताची वांगी भाजत होती. एक टोचायचं राहिलं, ते फट्‌कन फुटलं आणि गरम गर एकाच बाजूने उडाला, थेट माझ्या शर्टावर.

"अक्का, नीट टोचता येत नाही?" मी खेकसलो.

ती हसली. "वांगं शे रे भाऊ, बठ्ठीकडे सारखं फुटस का कधी?"

तिचं ते 'बठ्ठीकडे', म्हणजे सगळीकडे, कानाआड करून मी तणतणत शर्ट धुवायला गेलो. तारेही असेच एकीकडून जास्त फुटतात, हे माझ्या मॉडेलात येऊन तो तारा फुटायला पुढे सहा वर्षं गेली.

डाग त्याच दुपारी गेला होता.